एक वेढा कमी

हमीदचाचांवर लिहायचं म्हणून पहिलं वाक्य लिहिलं, ‘हमीदचाचा हे सोलापुरातले जुने मोटर वाइंडिंगवाले.’ वाक्यात चूक काहीच नाही. पण ते वाचून चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला असता आणि विचारलं असतं, “बरोबर हाय बेटा. पर ह्यात मी कुटं हाय?” म्हणून ते खोडलं. आता मला जमेल तसं सांगते.

मी त्यांना आधी वाचलं आणि मग पाहिलं.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी सोलापुरातल्या एका छोट्या बातम्यांच्या वेबसाइटवर दुपारचे तीन तास काम करायचे. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या इंग्रजी बातम्या मराठीत लिहायच्या, एवढंच काम. माझे वडील वैरागला गवंडीकाम करतात. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. बातमीखाली माझं नाव यायला लागलं तेव्हा आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ते वाचता यावं म्हणून मोठ्या पडद्याचा मोबाईल घेतला. मला मात्र प्रत्येक बातमी टाकताना भीती वाटायची. इंग्रजी मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. कळलं नाही ते अंदाजाने लिहायचे आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबायचे.

बातमीखाली लोक काय काय लिहितात ते तिथे कळलं. चंद्रावरच्या बातमीखाली कोणी ‘शुभ सकाळ’ म्हणून गुलाबाचं फूल टाकायचं. कोणी लिहायचं, ‘हे आपल्याकडे हजारो वर्षांपूर्वीच होतं.’ कोणी लिहायचं, ‘आधी आमच्या गल्लीचं ड्रेनेज बघा.’ एक गृहस्थ कुठल्याही बातमीखाली फक्त ‘खोटं’ एवढंच लिहायचे, ग्रहणाच्या बातमीखालीसुद्धा. काम बघणारे मोरे सर म्हणायचे, “ते वाचत बसलीस तर लिहिशील कधी? किती जणांनी उघडली तेवढं बघायचं.” पण मी वाचायचे. आपलं कोणीतरी वाचतंय याचंच मला अप्रूप होतं.

एकदा मी विजेवरच्या बसची बातमी लिहिली. बॅटरी दोनशे किलोवॅटची आहे असं लिहिलं. साडेतीनच्या सुमाराला खाली आलं:

‘नमस्कार. बातमी चांगली आहे. एक वेढा कमी आहे. बॅटरी किलोवॅटमध्ये मोजत नाहीत, किलोवॅट-तासामध्ये मोजतात. किलोवॅट म्हणजे बैलात जोर किती. किलोवॅट-तास म्हणजे त्या बैलाने दिवसभरात रान किती नांगरले. चूक माझी असेल तर सांगावे. – हमीद वाइंडिंगवाले.’

मी फिजिक्सची विद्यार्थिनी. माझे कान गरम झाले. तो धडा मी परीक्षेत लिहून आले होते, पण बैल काही मला दिसला नव्हता. मी बातमी दुरुस्त केली आणि घाबरत खाली लिहिलं, ‘दुरुस्त केले आहे.’ लगेच उत्तर आलं, ‘आभारी आहे. आता वेढे पुरे.’

त्यानंतर ते रोज यायला लागले. रोज एकच प्रतिक्रिया, तीन ते साडेतीनच्या मध्ये. सुरुवात नेहमी ‘बातमी चांगली आहे’ अशी, शेवट नेहमी ‘चूक माझी असेल तर सांगावे’ असा. काही चुकलेलं नसलं तर नुसतं ‘वेढे पुरे.’ त्या दोन शब्दांसाठी मी बातमी चार-चारदा तपासायला लागले, हे मोरे सरांना कधी सांगितलं नाही.

लोकांनाही ते माहीत झाले. मंगळावरच्या बातमीखाली कोणी विचारायचं, ‘चाचा, आमची पाच एचपीची मोटर गरम होतीय, काय करू?’ चाचा मंगळाची दुरुस्ती सांगून झाली की त्याखाली लिहायचे, ‘आधी व्होल्टेज मोजा. नंतर बेअरिंग बघा.’ टोमणे मारणारेही होते. एकाने लिहिलं, ‘चाचा, आधी पंक्चर काढा, मग विज्ञान शिकवा.’ ते वाचून मला रडू आलं. हे कोणाला आणि का म्हणतात ते मला कळत होतं. चाचांचं उत्तर दुसऱ्या दिवशी तीनलाच आलं: ‘पंक्चर माझा धाकटा भाऊ काढतो. त्याचे काम स्वच्छ आहे. मोटरीचा प्रश्न असेल तर मला विचारावे.’ त्या माणसाने पुन्हा काही लिहिलं नाही. महिन्याभराने त्याने कूलरच्या पंपाबद्दल विचारलं, आणि चाचांनी त्यालाही सगळं नीट सांगितलं.

त्यांच्या नावापुढे त्यांचा फोटो नव्हता, दुकानाच्या पाटीचा होता. एक दिवस धीर करून विजापूर वेशीकडे गेले. दोन टायरवाल्यांच्या मध्ये ते अरुंद दुकान होतं. वार्निशचा उग्र वास. आत एक सत्तरीकडे झुकलेला, किडकिडीत माणूस स्टुलावर बसून तांब्याची बारीक तार साच्यावर गुंडाळत होता. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. मला वाटलं जप चाललाय. मी उंबऱ्याशी उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी तारेला गाठ मारली आणि डोळे उघडले.

“कुटली मोटर?”

“मोटर नाही… बातमी.”

“बातमी?”

“मी… ती बसची बातमी लिहिली होती. किलोवॅटची.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट बघितलं. मग आतल्या पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “अजी सुनो! बातमीवाली आयी! अन् ये तो बच्ची है!”

पडद्यामागून रझियाचाची आल्या. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांतच ते राहायचे. चाची मला आपादमस्तक न्याहाळत म्हणाल्या, “हौ? मेरे कू लगा कोई मोटा साहब होगा. रोज इनसे गालियाँ खाता होगा.”

“मी गाली देतो का गं कधी?” चाचा माझ्याकडे वळले. “दिली का बेटा?”

“नाही नाही,” मी म्हणाले.

“देतेच,” चाची म्हणाल्या. “वही में देते. मैं काटती.”

ती वही त्यांनी मला दाखवली. चाचा प्रतिक्रिया आधी पेन्सिलीने वहीत लिहायचे. दुपारचं जेवण झालं की चाचींना वाचून दाखवायचे. चाचा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. मराठी लिहायला ते वर्तमानपत्रं वाचून, एकेक अक्षर जुळवत शिकले. त्यामुळे बोलायचे सोलापुरी आणि लिहायचे मात्र शाळेच्या फळ्यावर असावं तसं. चाचींना त्यातलं विज्ञान कळायचं नाही, पण राग लगेच कळायचा. ‘लिहिणाऱ्याने झोपेत लिहिले आहे काय’ असं एक वाक्य वहीत होतं, त्यावर आडवी रेघ. बाजूला चाचींनी काढलेली फुली.

“हा आमचा फ्यूज,” चाचा चाचींकडे बोट दाखवत म्हणाले. “मी तापलो की ही उडती. लाईन वाचती.”

दुकानाच्या भिंतीला खिळे होते, पन्नासेक तरी. प्रत्येक खिळ्यावर एक जळकं, काळं पडलेलं तारेचं वेटोळं लटकत होतं आणि त्याला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी होती. मला वाटलं भंगार आहे.

“भंगार न्हाय,” चाचा म्हणाले. “जळलेली कॉइल मोटरीतनं काढली की आदी वेढे मोजायचे. तिच्यात होते तेवढेच नव्या कॉइलीत. कंपनीचा कागद कुटं असतो? ही कॉइलच कागद. आन् मोटर देऊन टाकली तरी ही फेकायची न्हाय. नवी मोटर एक उन्हाळा काढंपर्यंत खिळ्यावर. परत तक्रार आली तर बघायला काय पायजे का नको?”

“एक वेढा कमी पडला तर मोटर जळते का?”

“एकानं काय होत न्हाय.” त्यांनी हातातल्या कॉइलवरून अंगठा फिरवला. “पर ज्याला एक चालतो ना बेटा, त्याला मग चार चालतात.”

त्यानंतर मी आठवड्यातून एकदा तरी जायला लागले. माझं तिथे काम काही नसायचं. चाची चहा द्यायच्या आणि चाचा मोबाईल हात लांब करून धरत, एकावर एक दोन चष्मे लावून माझी बातमी मोठ्याने वाचायचे. मध्येच थांबून “हे तुला कळलं का?” असं विचारायचे. “नाही” म्हटलं की खूश व्हायचे. “मग मलाबी न्हाय. आता दोगं मिळून शोधू.”

आता त्यांच्या चुकीबद्दल सांगते. त्यांना ती लपवलेली आवडली नसती.

दमट हवामानावरच्या एका बातमीत मी लिहिलं होतं की ओलसर हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. साडेतीनला खाली आलं, ‘बातमी चांगली आहे. एक वेढा कमी आहे. ओले कापड कोरड्यापेक्षा जड, तशी ओली हवाही जडच.’ आणि त्या दिवशी लोक पहिल्यांदाच झुंडीने चाचांच्या बाजूने उभे राहिले. शंभराच्या वर अंगठे. ‘चाचांनी धुतलं.’ ‘पत्रकार बाई, शाळेत गेला होता का?’ त्या ‘खोटं’वाल्या गृहस्थांनी त्या दिवशी चाचांना चक्क ‘खरं’ दिलं.

मी पुस्तक काढलं, कॉलेजातल्या मॅडमना विचारलं. माझं बरोबर होतं. पण चाचांच्या खाली ‘तुमचं चुकलं’ असं लिहायला माझा हात धजेना. वही घेऊन मी दुकानात गेले. त्यांनी हातातलं काम ठेवलं. मी आकृती काढून सांगितलं की हवेत पाण्याची वाफ शिरते तेव्हा ती जास्तीची बसत नाही, नायट्रोजन-ऑक्सिजनच्या कणांना बाजूला सारून त्यांच्या जागी बसते, आणि पाण्याचा कण त्या दोघांपेक्षा हलका असतो. कापडात पाणी भरतं, हवेत तसं होत नाही.

चाचांनी आकृतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हंजे वडापची जीप गच्च भरलेली हाय. त्यातनं चार पैलवान उतरवले आन् तुज्यासारख्या चार पोरी बसवल्या. जीप भरलेलीच, पर वजन कमी.”

“हो! अगदी तेच.”

“मग मी चुकलो की.” ते इतक्या आनंदाने म्हणाले की मी बघतच राहिले. त्यांनी लगेच पेन्सिल काढली. चाची म्हणाल्या, “मिटा दो ना जी वो. लोगां हँसेंगे.” चाचा नाही म्हणाले. पुसायचं नाही. जुन्याच्या खालीच लिहायचं. आणि लिहिलं:

‘वरची माझी दुरुस्ती चूक आहे. बातमी बरोबर आहे. ओली हवा हलकी असते. वेढा माझाच कमी होता. बातमी लिहिणाऱ्या मुलीने दुकानात येऊन समजावले. तिचा आभारी आहे.’

लोक हसलेच. चाचांनी प्रतिक्रियेचा तो कागद वहीतून फाडला, घडी घातली, दोऱ्याने बांधला आणि भिंतीवरच्या एका रिकाम्या खिळ्याला अडकवला. जळक्या कॉइलींच्या शेजारी.

एप्रिलमध्ये मोरे सरांनी ‘उन्हाळ्यात कूलर वापरताना’ असं काहीतरी लिही म्हणून सांगितलं. दहा सूचना हव्या होत्या. आठ मला इंटरनेटवर मिळाल्या, नववी मैत्रिणीने सुचवली. दहावी सुचेना. मग लहानपणी घरी बघितलेलं आठवलं. कूलरच्या पत्र्याला हात लावला की कधीकधी मुंग्या यायच्या. तेव्हा आप्पा दोन पिनांचा प्लग काढून उलटा करून घालायचे. मुंग्या थांबायच्या. आमच्या गल्लीत सगळेच असं करायचे. मी दहावी सूचना लिहिली: ‘कूलरला हलका झटका बसत असेल तर प्लग उलटा लावून पाहावा.’

ती बातमी खूप पसरली. त्या दिवशी दुपारी प्रॅक्टिकल होतं म्हणून मी ती सकाळीच टाकली, कॉलेजला गेले आणि मोबाईल बंद ठेवला. पाच वाजता उघडला तर चाचांची प्रतिक्रिया बारा वाजताच येऊन गेली होती. तिच्यात नमस्कार नव्हता. बातमी चांगली आहे हेही नव्हतं.

‘दहावी ओळ आत्ता काढा. प्लग उलटा केल्याने झटका लपतो, दोष जात नाही. उलट्या प्लगमुळे कूलरचे बटण वीज आणणाऱ्या तारेवर राहत नाही, म्हणून बंद केले तरी मोटरीत वीज राहते. पाणी भरताना माणूस जाईल. आत्ता काढा.’

त्याखाली लोकांची गर्दी होती. ‘आमच्याकडे पाच वर्षं असंच आहे, काही होत नाही.’ ‘चाचांना धंदा पाहिजे.’ ‘हवेचं वजन करणारे हेच का?’

मी धावत ऑफिसात गेले. मोरे सर शांत होते. “ओळ काढलीय गं मी. त्यांची कमेंटपण काढली. ओळच नाही तर कमेंट कशाला? विषय संपला.”

मला हायसं वाटलं. तशीच दुकानात गेले, चाचांना सांगायला.

“काढली?” चाचांनी विचारलं.

“हो. पूर्ण काढली.”

“आन् ज्यांनी सकाळी वाचली त्यांच्या घरातनं कशी काढशील?”

मी मोबाईलवर बातमी किती जणांनी उघडली ते बघायला लागले.

“कॉइल फेकून दिली तुमी,” ते हळू आवाजात म्हणाले. “आता कुणाला कळणार, काय जळलं होतं?”

तेव्हा मला घर आठवलं. लहानपणीचा कूलर कधीच मोडीत गेला होता, पण याच वर्षी आम्ही दुसरा, वापरलेला कूलर घेतला होता. मी तिथूनच फोन लावला.

“आई, कूलरचा प्लग कसा लावलाय गं?”

“उलटा लावलाय की,” आई कौतुकाने म्हणाली. “लई मुंग्या येत होत्या. तुज्या बातमीत वाचलं आन् तुज्या आप्पांनी लगीच फिरवला. त्येंला म्हायती होतं, पर इसरले होते. आता छापूनच आलंय म्हणल्यावर! समद्या गल्लीला दावली बातमी. मालनकाकूनं फिरवला, खालच्या दोन घरात फिरवला…”

मी आप्पांकडून शिकलेलं बातमीत गेलं होतं, आणि बातमीतून ते आप्पांकडे परत आलं होतं. पण येताना त्यावर माझं नाव होतं.

“पाणी कधी भरतेस त्यात?”

“सकाळी. लाईट नसती तवा.”

केवळ तेव्हा लाईट नसते म्हणून धोका टळत होता. मी आईला प्लग काढून ठेव म्हणाले. तिने ठेवला. पण मग आप्पा फोनवर आले. “सकाळीच छापलंय आन् आता नको म्हणतीस? मी आख्ख्या गल्लीला सांगितलंय. आता कोणत्या तोंडानं फिरवू? आन् झटका तर बसत न्हाय की!”

मी फोन ठेवला.  चाचांनी वही आणि पेन्सिल माझ्यापुढे ठेवली आणि स्वतःचं स्टूल मला दिलं.

मी लिहिलं. खूप लिहिलं. मी मूर्ख आहे, मला लिहिण्याचा अधिकार नाही, वगैरे. चाचींनी वाचून घेतलं आणि त्या सगळ्यावर आडवी रेघ मारली. “अपने आप कू गाली दिये तो किसका प्लग सीधा हुआ? काम की बात लिखो बेटी.” उरलं ते असं:

‘ही बातमी मी लिहिली आहे. सकाळी तिच्यात दहावी सूचना होती, प्लग उलटा लावण्याची. ती चूक होती. ती काढून टाकली आहे, पण ज्यांनी वाचून प्लग उलटा केला त्यांनी कूलर बंद करावा, प्लग काढावा आणि वायरमनला दाखवावा. जीवाचा धोका आहे. ही चूक माझी आहे.’

खाली माझं पूर्ण नाव. मोरे सर फोनवर खूप बोलले. वेबसाइटचं नाव जातं, उद्यापासून येऊ नकोस, असंही म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनीच ती दुरुस्ती बातमीच्या डोक्यावर आणून ठेवली आणि मला कामावर बोलावलं. का ते मी विचारलं नाही. त्यांच्या घरी कूलर आहे एवढं मला माहीत आहे.

त्याच दिवशी सकाळच्या एसटीने मी वैरागला निघाले तर स्टँडवर चाचा उभे. खांद्याला पिशवी, तिच्यात टेस्टर, वायरीचं भेंडोळं, तीन पिनांचे प्लग. “दुकान?” मी विचारलं. “दुकान कुटं पळतंय?” ते म्हणाले आणि खिडकीची जागा धरून बसले.

आमच्या दारात शेजारीपाजारी जमले होते. आप्पा ताठ उभे होते. “बसा पाव्हणं. पर कूलर चांगला चाललाय बगा,” असं म्हणून त्यांनी प्लग तसाच उलटा घातला. कूलर घरघरायला लागला. चाचांनी टेस्टर पत्र्याला लावला. दिवा लागला नाही.

“बगा,” आप्पा गल्लीकडे बघून म्हणाले.

“व्हय,” चाचा म्हणाले. “आता वहिनी, पाणी भरायचं म्हणलं तर तुमी काय करता?”

“बटण बंद करते की,” आई म्हणाली.

“करा.”

आईने कूलरचं बटण बंद केलं. पंखा थांबला. चाचांनी टेस्टर पुन्हा त्याच जागी लावला. दिवा लालभडक पेटला.

 आईने हात पदरात घेतला. आप्पा त्या दिव्याकडे बघत होते. त्यांचा चेहरा मी आधी कधी तसा पाहिला नव्हता. मालनकाकू मागे फिरल्या आणि आपल्या घराकडे जवळजवळ पळतच गेल्या.

दुपारपर्यंत चाचांनी चारही घरं केली. मोरीपाशी ओलीत सळई ठोकून तिसरी, म्हणजे अर्थिंगची, तार जोडली. आमची मोटर तर काढूनच पिशवीत घातली. “तार जोडली तरी रोग आत हाय. हिला सोलापूरला नेतो.” सगळं झाल्यावर सगळे जेवायला बसले. आप्पा भाकरीचा तुकडा नुसता फिरवत होते.

“भाऊ,” चाचा म्हणाले, “पोरीची बातमी दावली तुमी गल्लीला. आता दुसरी दावायची.”

“दुसरी कंची?”

“खाली नाव घालून लिवलेली. पयली बातमी कुणीबी लिवतंय.”

आप्पांनी मोबाईल काढला. ते बोट ठेवून, एकेक शब्द जुळवत वाचतात. दारात उभं राहून त्यांनी मोठ्याने वाचलं. ‘ही चूक माझी आहे’ ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. मग खालचं माझं नाव त्यांनी वाचलं, स्वतःच्या नावासकट, आडनावासकट, आणि मोबाईल खिशात ठेवताना तो शर्टाला पुसला.

आमची मोटर चाचांनी चार दिवसांत भरून दिली. वेढे दोनदा मोजले. दुसऱ्यांदा चाची शेजारी बसून मोठ्याने मोजत होत्या. याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. जुनी कॉइल खिळ्यावर गेली. चिठ्ठीवर चाचांनी लिहिलं ‘वैराग’ आणि तिच्यासोबत माझी ती दहावी ओळ, कागदावर लिहून, बांधली.

मे महिन्यात जायचे तेव्हा भिंत थोडी रिकामी दिसायची. कॉइली उतरत होत्या, नव्या चढत नव्हत्या. मी विचारलं तर चाचा म्हणाले, “सीझन कमी हाय.” सोलापूरचा मे, आणि सीझन कमी! चाचींनी मला बाजूला घेऊन सांगितलं. चाचांचा एक डोळा गेला होता, दुसरा जात होता. डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला लावलं होतं. हुबळीला दिलेली त्यांची मुलगी दोघांना न्यायला येणार होती. त्यांनी भरलेली शेवटची मोटर आमची होती. आपण हे सांगितलेलं चाचांना आवडणार नाही, असं म्हणून चाचींनी डोळे पुसले.

जूनअखेर मी गेले तेव्हा भिंतीवर दोनच खिळे भरलेले होते.

“आईला फोन लाव,” चाचा म्हणाले. लावला. त्यांनी मोबाईलमध्ये तोंड घालून विचारलं, “वहिनी, झटका?”

“न्हाय ओ दादा,” आईचा आवाज आला. “उन्हाळा गेला की सुखात.”

त्यांनी वैरागची कॉइल चाचपडत उतरवली, माझी चिठ्ठी सोडवली आणि माझ्या हातात दिली. कॉइल तांब्याच्या पोत्यात टाकली. “आता ही वितळती, परत तार होती.”

उरला तो एक कागद. ओल्या हवेचा. मी तो काढायला हात वर केला.

“ऱ्हाऊ दे. त्याचा उन्हाळा संपला न्हाय अजून,” ते म्हणाले. “कालच तीन अंगठे आले. खालची दुरुस्ती कुणी वाचत न्हाय की. वरचंच वाचतात आन् अंगठा देतात.” मग स्वतःशीच हसले आणि तो कागद त्यांनीच उतरवून माझ्या वहीत ठेवला. “तू सांबाळ. तुज्या खोलीत खिळा हाय का?”

आहे म्हणाले. नव्हता. त्याच संध्याकाळी ठोकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निरोप द्यायला स्टँडवर गेले. हुबळीची गाडी लागली होती. चाची आत जागेवर बसून सामान मोजत होत्या आणि खिडकीतून ओरडत होत्या, “अजी चढो ना! बस क्या तुमारी बातमी के वास्ते रुकनेवाली है?” चाचा फलाटावरच उभे होते, हात लांब करून मोबाईल धरलेला, दोन चष्मे लावलेले, मान मागे. माझी कालची बातमी वाचत होते. किती दिसत होतं कोण जाणे. मी जवळ गेले तर त्यांनी हातानेच थांब म्हणून खूण केली. वाचन पुरं झालं नव्हतं. कंडक्टरने घंटी मारली, मुलीने त्यांना दंडाला धरून वर घेतलं.

बस हलली. खिडकीत चाचांचा चेहरा आला, पण ते माझ्या बाजूला बघत नव्हते, मी उभी होते त्याच्या जरा डावीकडे बघत होते. मी जोरात हात हलवला. तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर हात काढला आणि तर्जनीने हवेत एक गोल वेढा काढला. एकच.

मी तिथेच फलाटावर मोबाईल उघडला आणि बातमी पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. बस विजापूर रोडला वळायच्या आत तो कमी पडलेला वेढा सापडला. तिसऱ्या परिच्छेदात होता.